आबांची भूक कोणी नेली

१

बुधवारी दुपारी एकच्या सुमाराला, जळगावात भुसावळ रस्त्यावरच्या ‘वच्छला भरीत केंद्रा’च्या अंगणात कौतिक आबा जेवता जेवता आडवे झाले. समोरच्या ताटात भरीत होतं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, कांद्याची पात होती. उलटी झाली, दरदरून घाम सुटला, डोळे फिरले. आबांचं वय चौऱ्याहत्तर. अंगणात तेव्हा चाळीसेक गिऱ्हाईक जेवत होतं. मुलगा भूपेंद्र यानं दोघांच्या मदतीनं त्यांना गाडीत घातलं आणि निघता निघता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, चुलीपाशी उभ्या असलेल्या धुरपदाबाईला विचारलं, “काय घातलं होतंस त्यांच्या ताटात?”

आबा वाचले. प्रश्न मात्र अंगणातच राहिला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर फिरला.

गुरुवारी सकाळी धुळ्यात देवपुरातल्या आपल्या घरी गिरधर नाना बोरसे पेपर वाचत होते, तेव्हा फोन वाजला. नाना अन्न निरीक्षक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी दुधाच्या पिशवीवरची तारीख ते अजून चष्मा लावून वाचत.

“नाना, वळखं का माले? मी धुरपदा. जळगावनी. वच्छलाबाईना आठेनी.”

नानांनी ओळखलं. बावीस वर्षांपूर्वी ते त्या केंद्रावर भरताचा नमुना घ्यायला गेले होते. कोणीतरी निनावी अर्ज केला होता, की तेल भेसळीचं आहे. आबांच्या पत्नी वच्छलाबाई तेव्हा स्वतः चुलीपुढं बसायच्या. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरवी-पांढरी थोराड वांगी, शेजारी होडीसारखी लाकडी बडगी. त्यात सोललेली वांगी, मिरच्या आणि लसूण घालून कांडण चालायचं. नानांच्या हातातल्या नमुन्याच्या बाटल्या बघून वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, “नमुना न्या साहेब, पण बाटलीत भरलेल्या भरताची चव कशी कळणार तुम्हाला? आधी जेवा, मग सील करा.” नाना जेवले नाहीत. ज्याचा नमुना घ्यायचा त्याच्याकडे पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता. अहवाल निर्दोष आला, तेव्हा मात्र ते रजा टाकून गेले, पैसे मोजून दोन ताटं जेवले, आणि पुढं दर मार्गशीर्षात जात राहिले. तीन वर्षांपूर्वी वच्छलाबाई गेल्या. त्यानंतर त्यांचं पाऊल तिकडे वळलं नव्हतं.

“बठ्ठास्नी तेच भरीत खादं, नाना,” धुरपदाबाई सांगत होती. “आबाले एकलालेच कसं व्हयनं? मी काही टाकेल नही. चोवीस वरीस मी त्या चुलीम्होरे काढात. भूपेंद्रभाऊ म्हने, ऐतवारलोंग निंघी जाय. नही ते पोलिसले सांगस.”

“तू कठेच जाऊ नको,” नाना म्हणाले. “मी उद्या येस.”

२

शुक्रवारी नाना एस.टी.नं जळगावला उतरले, तेव्हा केंद्र बंद होतं. अंगणात भूपेंद्र एकटाच खुर्ची टाकून मोबाइल चाळत बसला होता. बेचाळिशीचा, गोरा, बोलण्यात घाई असलेला माणूस.

“नाना, तुम्ही रिटायर झालात ना?”

“झालो. म्हणून तर आता तुझ्याकडे चहा घेईन.”

भूपेंद्र कसनुसं हसला आणि चहा सांगितला.

“बुधवारी कोणी पाहुणे होते?” नानांनी विचारलं.

“दोघं. नाशिकचे हॉटेलवाले. त्यांना आमचं नाव हवंय. पाच शहरांत आईच्या नावाचं भरीत. आबा अजून हो म्हणत नव्हते, म्हणून समोरासमोर बसवलं. पाहुण्यांनाही दिसलं असतं, की चौऱ्याहत्तराव्या वर्षी आमचा म्हातारा भरतावर कसा हात मारतो.”

“पाहुणे तेच जेवले?”

“तेच. एकाच बडगीतलं. त्यांना काही झालं नाही, गिऱ्हाइकांना काही झालं नाही. म्हणूनच म्हणतो, बडगीत नव्हतं, ताटात होतं. आणि ताट वाढलं धुरपदाबाईनं.”

“ती असं कशाला करेल?”

“नाशिकवाले आपली माणसं आणणार. मग हिचं काय? आईनं डोक्यावर चढवून ठेवलेली बाई आहे ती.”

नानांनी चहाचा घोट घेतला. “म्हणजे विक्री झाली तर तिचं नुकसान. आणि विक्री अडवून कोणी धरली होती? आबांनी. मग तिनं आबांच्या जिवावर का उठावं? ती तर त्यांच्या आयुष्याची दोरी बळकट कर म्हणून नवस बोलेल.”

 भूपेंद्र उठला. “ते मला माहीत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलंय. अहवालाला वेळ लागेल, तोवर ती माझ्या चुलीपाशी नको.”

धुरपदाबाई मागच्या खोलीत होती. अठ्ठावन्न वर्षांची, हाडापेरानं मजबूत बाई दोन दिवसांत वाळल्यासारखी दिसत होती. नानांना पाहून तिनं डोळ्यांना पदर लावला नाही, पाट पुढं सरकवला.

“आबा जेवत होते का नीट?” नानांनी विचारलं.

“जेवण कसानं, नाना? दिवाईम्हा शेवना डबाले हात नही लाया. पहिले दोन डबा लागेत त्यास्ले. पहिला घास मी तयहातवर ठेवू, तो जिभले लावतस, ‘मीठ चिमूटभर कमी’ म्हनतस, आनि ते खरंच ऱ्हास. पन ताट म्हनशात तर देखतसबी नहीत. साधी कढी-खिचडी खातस, चार घास.”

“दुखतं-खुपतं काही?”

“नही. वजन मातर उतरनं. आनि हाई देखा.” तिनं फळीवरून तंबाखूची पुडी काढून दाखवली. आबांची. “पंधरा दिन व्हयनात, सोडेल नही. मी इचारं, तर म्हने, आठवनच नही ऊनी.”

नानांनी पुडी उलटीसुलटी केली. तिची दोरीही सुटलेली नव्हती. पोट बिघडलं तर माणूस जेवण टाकतो. विष पोटात गेलं तरी तेच. पण पन्नास वर्षांची तंबाखू विसरायला लावणारं विष त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं.

“अजून एक सांग. आबा बाहेर कुठं जातात?”

“मंगयवारे धुये जातस. कामिनीताईकडे. दात कराले.” कामिनी म्हणजे आबांची मुलगी, नानांच्याच गावात दिलेली.

३

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता आणि त्याला प्रश्न विचारलेले आवडत होते.

“विषाची लक्षणं मला तरी दिसली नाहीत,” तो म्हणाला. “साखर पंचावन्नवर आली होती. हे जुने मधुमेही, गोळ्या चालू आहेत. गोळी घेतली आणि त्या मानानं जेवण पोटात नसलं तर असं होतं. पण एक गोष्ट मला जुळत नाही. उलटी दुपारी एकला झाली आणि तिच्यात भाकरी-भरताबरोबर मेथीची पानंही होती. मुलगा म्हणतो, सकाळपासून मेथी घरात शिजलीच नाही.”

“मंगळवारी रात्री शिजली होती,” नाना म्हणाले. धुरपदाबाईकडून त्यांनी चार दिवसांचं जेवण विचारून घेतलं होतं. “मेथी आणि भाकरी.”

“मग ती सोळा तास पोटात तशीच होती. पोट इतकं मंद का चाललं असावं?”

आबा खाटेवर उशाला टेकून बसले होते. हाताला सलाइन. दंडाची कातडी सैल झाली होती, पण नानांना पाहून ते तोंडभर हसले. बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते.

“गिरधर, एवढ्या लांबून कायले आला रे बा?”

“तुम्हाला बघायला. आणि हे घ्या.” नानांनी पिशवीतून तिखट शेवेचा गरम पुडा काढून त्यांच्या नाकापुढं उघडला. शेजारच्या खाटेवरचा माणूस मान उंचावून बघायला लागला.

आबांनी वास घेतला. शेवेची एक काडी उचलून जिभेवर ठेवली. “ओवा जास्त झाला याच्या हातून. बेसन ताजं हाय.” आणि पुडा नानांच्या हातात परत दिला. “ठेव तिथं. खाईन सवडीनं.”

नाना बघत राहिले. नाक जागेवर, जीभ जागेवर. फक्त हात पुढं येत नव्हता. याच माणसानं एका मार्गशीर्षात त्यांच्याशी पैज लावून अकरा वांग्यांचं भरीत संपवलं होतं आणि वर विचारलं होतं, आता जेवायला बसायचं ना?

“दाताचं काम झालं का आबा?”

“कोन्या दाताचं?” आबा म्हणाले, आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. “हां, ते. झालं म्हनायचं.”

“घरी काय चाललंय, कळतं का काही?”

“काय चालनार? धुरपदा चूल पेटवत असंन. ती आली नाही रे मले भेटायले. रागावली का काय?”

म्हणजे आबांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. नानांनीही सांगितलं नाही. ते तिथून रिक्षा करून भूपेंद्रच्या घरी गेले. भूपेंद्रची बायको डिंपल दारात आली, तेव्हा नानांना ती आधी ओळखूच आली नाही. लग्नात पाहिलेल्या भरल्या अंगाच्या मुलीच्या निम्मी ती उरली होती.

“पाणी आणते,” म्हणून तिनं फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीशेजारी, एक चपटा पुठ्ठ्याचा डबा होता. वरच्या उघड्या तोंडातून निळ्या टोपणाचं, जाडसर पेनासारखं काहीतरी डोकावत होतं.

४

“वजनाचं इंजेक्शन आहे,” डिंपलनं न लपवता सांगितलं. “आठवड्यातून एकदा, रविवारी. डॉक्टरांनी लिहून दिलंय. घरात सगळ्यांना माहीत आहे.”

“ते घेतल्यावर भूक मरते?”

ती हसली. “सगळे हेच विचारतात. भूक लागते हो नाना, चार घासांची लागते. बदल दुसरा आहे. आधी माझ्या डोक्यात सकाळपासून सुरू असायचं. कचोरी कुठली आणू, फ्रिजमध्ये कालची जिलेबी उरलीय का. भांडी घासताना तेच, देवापुढं बसले तरी तेच. पहिल्या महिन्यात एक दिवस लक्षात आलं, की डोक्यातली ती बडबड थांबलीय. कचोरी समोर असली तरी ती मला बोलवत नाही. वास कळतो, चव कळते, पण ओढ नाही. तळलेलं, तुपकट, गोड, हे सगळ्यात आधी सुटलं. वरण-भात सुटला नाही.”

“आणि त्रास?”

“डोस वाढवला की एक-दोन दिवस मळमळतं. रात्रीचं जेवण सकाळी छातीशी तसंच असल्यासारखं वाटतं. तुपकट भरपेट खाल्लं तर संपलंच. मी एकदा लग्नात आग्रहाला बळी पडले आणि मांडवामागं उलट्या करत बसले.”

नानांनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांना त्याची गरज वाटली नाही.

“मी हे पेन बघू?”

डिंपलचा चेहरा बदलला. “तुम्हाला वाटतं, मी आबांना...”

“मला काही वाटत नाही. मी मोजतो.”

एका पेनात चार डोस. डब्यावर पहिल्या वापराची तारीख डिंपलनं पेन्सिलनं लिहून ठेवली होती. तीन रविवार झाले होते, पेनाच्या खिडकीत एका डोसाचं औषध दिसत होतं. वापरलेल्या सुया ती एका जाड बरणीत टाकत असे, त्याही तितक्याच होत्या. तिच्या औषधातलं थेंबभरही कोणी नेलं नव्हतं.

“आबांनी कधी याबद्दल विचारलं होतं?” नानांनी डबा जागेवर ठेवला.

डिंपल आठवायला लागली. “गणपतीत विचारलं होतं. मी मोदक नको म्हणाले, तेव्हा. म्हणाले, ‘पोरी, खरंच आठवन येत नाही का तुले? मनातूनच जाते?’ मी म्हणाले, हो आबा, मनातूनच जाते.”

परतीच्या एस.टी.त नाना खिडकीशी बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी उभी होती. आबांना इंजेक्शन मिळत होतं, यात त्यांना शंका राहिली नव्हती. ते घरच्या फ्रिजमधून जात नव्हतं, हेही पक्कं होतं. बत्तीस दात शाबूत असलेला माणूस दर मंगळवारी दात करायला धुळ्याला जात होता, आणि बुधवारी कोसळला होता. ज्याच्या शोधात नाना शंभर किलोमीटर गेले होते, ते त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं.

५

कामिनी आणि तिचा नवरा प्रेमराज यांचं देवपुरातच औषधाचं दुकान होतं. शनिवारी सकाळी नाना तिथं पोचले, तेव्हा प्रेमराज बाहेरगावी गेलेला होता आणि कामिनी एकटीच गल्ल्यावर होती. नानांना बघताच तिनं गिऱ्हाइकाला दिलेल्या गोळ्या पुन्हा मोजल्या.

“कामिनी, आबांना शेवटचा डोस किती दिलास?”

तिनं नाही म्हटलं नाही. आत बोलावलं, खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

“तुम्ही खात्यातले. लायसन्स जाईल ना माझं?”

“खातं मी नऊ वर्षांपूर्वी सोडलं. आधी दवाखान्यात फोन लाव आणि त्या डॉक्टरला औषधाचं नाव, डोस, तारीख सगळं सांग. त्याला माहीत असायला हवं. मग बोलू.”

तिनं फोन लावला. तिनं काही गाळलं नाही. फोन ठेवून ती खाली बसली.

“गणपतीनंतर आबा आले. साखर तीनशे चाळीस. म्हणाले, डिंपल घेते ते मला दे. मी म्हणाले, डॉक्टरांना विचारू. म्हणाले, गावभर कशाला सांगतेस, चौऱ्याहत्तराचा म्हातारा बारीक व्हायचं इंजेक्शन घेतो म्हणून. साखरेलाही हे चालतं, मला माहीत होतं. लहान डोस दिला. साखर उतरली. मला वाटलं, चांगलंच झालं. जुन्या गोळ्या कमी करायला हव्यात, हे मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं.”

“आणि डोस वाढवलास.”

“भरताचा हंगाम लागला आणि ते म्हणायला लागले, वाढव. मी म्हणाले, आबा, वजन उतरलं, साखर उतरली, आता कशाला? तर म्हणाले...” ती थांबली. “म्हणाले, अजून आठवतं.”

“काय आठवतं?”

“आईच्या हातचं. ती गेल्यापासून ते ताटावर ताट खात होते, नाना. तुम्ही आला नाहीत तीन वर्षं, तुम्ही पाहिलं नाही. एक ताट झालं की दुसरं. मध्येच घास तोंडात धरून थांबायचे, जसं काही शोधतायत. सापडायचं नाही, मग अजून एक ताट. डिंपलनं सांगितलं की त्या इंजेक्शननं मनातूनच जातं. तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतला.”

 रस्त्यानं एक भंगारवाला ओरडत गेला.

“बुधवारी संध्याकाळी तू दवाखान्यात होतीस. भूपेंद्र धुरपदाबाईचं नाव घेत होता, ते ऐकलंस?”

“ऐकलं.”

“आणि गप्प बसलीस.”

कामिनीनं मान खाली घातली. “ती मला न्हाऊ-माखू घालायची. दोन्ही बाळंतपणांत.”

“उद्या अकराला दवाखान्यात ये,” नाना उठत म्हणाले. “तिच्यासमोर सांगायचं.”

६

रविवारी अकराला आबांच्या खाटेभोवती सगळे जमले. भूपेंद्र दाराशी, डिंपल खिडकीपाशी, कामिनी पायथ्याशी. धुरपदाबाईला नानांनी स्वतः बोलावून आणलं होतं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिला पाहून आबांचा चेहरा खुलला.

कामिनीनं सगळं सांगितलं. आबांनी मध्येच “पोरीले बोलू नका, मी मांगितलं” असं म्हटलं, पण तिनं शेवटपर्यंत सांगितलं.

“म्हणजे इंजेक्शनमुळे,” भूपेंद्र म्हणाला.

“नुसत्या इंजेक्शननं नाही,” नाना म्हणाले. “मंगळवार तेरा आठवडे येत होता, आबा एकदाही पडले नाहीत. या मंगळवारी डोस वाढला. पोट मंदावलं, इतकं की रात्रीची मेथी दुपारपर्यंत हलली नाही. चार दिवस खाणं नावाला, पण साखरेची जुनी गोळी रोज चालू. म्हणजे आबा बुधवारी सकाळपासूनच काठावर उभे होते. त्यांना एका धक्क्याची गरज होती. धुरपदाबाई, तू आबांना किती वाढलं होतंस?”

“येक कोर भाकरी नि चमचाभर भरीत. त्यास्ले तेवढंच चाले.”

“ते त्यांनी खाल्लं?”

“खादं.”

“डॉक्टर म्हणतात, उलटीत भाकरी-भरताचं मोठं जेवण होतं, वर तेलाची फोडणी. धुरपदाबाईनं वाढलं त्याच्या चौपट. मग बाकीचं कुठून आलं?” नाना भूपेंद्रकडे वळले. “पाहुण्यांना दाखवायचं होतं, आबा कसा हात मारतात ते. तुझेच शब्द.”

भूपेंद्रचा हात दाराच्या कडीवर गेला. त्याला काही विचारावं लागलं नाही.

“मी वाढलं,” तो म्हणाला. “दुसरं ताट. ते नको नको म्हणत होते. मला वाटलं, रुसलेत, विक्री नको म्हणून. मी तेल ओतलं वरून. म्हणालो, पाहुण्यांसमोर लाज काढू नका.”

“तीन महिने या घरात सगळे आबांना विचारत होते, काय खाल्लं, किती खाल्लं,” नाना म्हणाले. “खावंसं वाटतं का, हे कोणी विचारलं नाही. आपल्याकडे भरीत नको म्हणणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर त्याला कोणी काही घातलेलं असतं. त्याला नकोच असेल, हे आपल्या डोक्यात येत नाही.”

आबा गोंधळून एकेकाकडे बघत होते. “थांबा. काय घातलं म्हनता? कोनी?”

मग त्यांना सांगावंच लागलं. ऐकता ऐकता त्यांचा हात सलाइनच्या नळीत अडकला. डिंपलनं तो सोडवला.

“धुरपदे,” आबा म्हणाले, “माझ्या खुळेपनापायी तुह्यावर आलं. मले फक्त ते विसरायचं व्हतं. तिच्या हातचं. तू चांगलं करते, पन ते तिचं नाही ना. सुई घेतली, ओढ गेली, तरी आठवन जाईना. उलट पहिले घास तरी व्हता तोंडात, आता नुसतीच आठवन.”

धुरपदाबाई भिंतीपासून पुढं आली. बोलू की नको, असं तिला झालेलं दिसत होतं.

“आबा, बाईना खांदा गया, तव्हानी गोट. बारा वरीस व्हयनात. कांडाले हात वर व्हये ना त्यास्ना. तव्हापशी भरीत मीच करू. मीठ, मिरची, फोडणी, बठ्ठं. बाईनी माले आन घालेल व्हती, आबाले सांगू नको, त्यास्ना घास कडू व्हई. त्या फक्त ताट लई येत.”

 आबा उशीवरून पुढं सरकले.

“बारा वर्सं तुह्या हातचं?”

“हा.”

“तेच, जे आता करते?”

“तेच. चिमूटभरबी फरक नही.”

आबा हाताच्या बोटांकडे बघत राहिले. “मंग मी कायले शोधत व्हतो एवढं?”

“बाई ताट ठीसनी तुमना सामने बसेत,” धुरपदाबाई म्हणाली. “तुमनं व्हयेलोंग उठेत नहीत. ते आते नही शे. ते ना माले करता ई, ना त्या सुईले काढता ई.”

आबांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि पंचा तोंडावरून लवकर काढला नाही. डॉक्टर दाराशी येऊन उभा होता. तो मागं फिरला.

थोड्या वेळानं भूपेंद्र पुढं आला. “मावशी, माझं चुकलं. नाशिकवाल्यांना मी नाही सांगतो. तुम्ही उद्यापासून या.”

धुरपदाबाईनं त्याच्याकडे नीट बघितलं. तिचा आवाज चढला नाही.

“भाऊ, तुम्ही माले आठे, या खोलीम्हा इचारं व्हतं का?”

भूपेंद्रला समजलं. “उद्या उघडू, तेव्हा सांगतो सगळ्यांना.”

“आज ऐतवार शे. गर्दी आज ऱ्हास.”

दुपारी एकला केंद्राचं फाटक उघडलं. आज चालू आहे म्हणून बातमी लागली होती की धुरपदाबाई परत आली म्हणून, कोण जाणे, पण अंगण भरायला वेळ लागला नाही. बुधवारचे बरेच चेहरे होते. शेजारचा दुकानदार होता, गल्लीतल्या बायका होत्या. नाना फाटकाशी, बाहेरच्या बाजूला उभे राहिले. चूल पेटलेली नव्हती. धुरपदाबाई तिच्याजवळ, बुधवारी जिथं उभी होती तिथंच, हात पोटाशी बांधून उभी होती.

भूपेंद्र अंगणाच्या मधोमध गेला. घसा खाकरला.

“बुधवारी मी मावशींना जे बोललो, ते खोटं होतं. त्यांनी आबांना काही घातलं नव्हतं. आबांना त्रास झाला तो माझ्या हातानं. मी त्यांची माफी मागतो.”

तो भरभर बोलला, जमिनीकडे बघून. अंगणात कुजबुज झाली. भूपेंद्र वळला आणि चुलीकडे जायला लागला.

“भाऊ,” धुरपदाबाई म्हणाली. तिनं फाटकाकडे, मागच्या बाकांवर बसलेल्यांकडे हात केला. “मांगेनास्ले ऐकू नही ऊनं.”

भूपेंद्र थांबला. त्यानं मान वर केली, मागच्या बाकांपर्यंत नजर नेली आणि सगळं पुन्हा एकदा, मोठ्यानं सांगितलं.